धार किती टिकते

गर्जे तात्या कुणाच्याही घरी गेले की पाणी नको म्हणायचे, चहा नको म्हणायचे आणि सुरी मागायचे.

तिसगावात हे सगळ्यांना माहीत होतं. मला नव्हतं. मी तिथल्या हायस्कूलवर मराठी शिकवायला रुजू झाले आणि आम्ही नवराबायकोनं गर्जेंच्या शेजारच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. सामान अजून पोत्यांतच होतं, तेवढ्यात दारात एक उंच, वाळका माणूस येऊन उभा राहिला. पांढरी मिशी बारीक कातरलेली, सदऱ्याची घडी जशीच्या तशी.

"मी गर्जे. शेजारी राहतो. तुमची सुरी बघू."

आडनाव गर्जे असलं तरी हा माणूस जन्मात कधी गर्जला नसावा. ते बोलायला लागले की समोरच्याला पुढे सरकून ऐकावं लागायचं. पण मागायचे ते इतकं सरळ, की नाही म्हणायचं सुचायचं नाही. मी पोत्यातून सुरी शोधून दिली. त्यांनी ती उजेडात धरली, अंगठ्याच्या नखावर टेकवून जराशी सरकवली आणि रोग्याच्या नातेवाइकाकडे डॉक्टर बघतो तसं माझ्याकडे बघितलं.

"कधीपासून असं आहे?"

"काय?"

"हे."

"लग्नात आलेली आहे ती," मी म्हटलं.

"असू द्या," म्हणाले, आणि सुरी घेऊन गेले. संध्याकाळी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून परत आणून दिली. "थोडे दिवस जपून. तुम्हाला जोर लावायची सवय लागलीय. आता जोर लागणार नाही."

माझ्या नवऱ्यानं लगेच भेंडी चिरायला घेतली आणि बोट कापून घेतलं. रक्त बऱ्यापैकी आलं, ओरडा त्याहून बऱ्यापैकी झाला. तात्या आले. बोटाकडे त्यांनी बघितलं, पण विचारलं ते असं:

"कापल्याचं लगेच कळलं का मागाहून?"

"मागाहून. रक्त दिसल्यावर."

"मग धार नीट लागलीय," तात्या म्हणाले आणि हळद आणायला घरी गेले.

तात्यांची सगळी नोकरी नगरच्या एमआयडीसीत, एका कारखान्याच्या भट्टीपाशी गेली होती. यंत्रांच्या शाफ्टचं लोखंड लालभडक तापवायचं, तेलात बुडवायचं, मग पुन्हा हलकंसं तापवून त्याचा कडकपणा हवा तेवढा उतरवायचा. आपल्याकडे ह्यालाच हत्याराला पाणी देणं म्हणतात. निवृत्त झाल्यावर ते बायकोला घेऊन गावी आले. गावात भट्टी नव्हती, शाफ्ट नव्हते, हाताखाली माणसं नव्हती. सुऱ्या मात्र घरोघर होत्या, आणि घरोघर बोथट होत्या.

पण धार लावणं हा त्यांचा विषय नव्हता. तो आपला शेजारधर्म. "धार कुणीबी लावतो," ते म्हणायचे. "दगड असला की झालं. लावलेली ऱ्हाते किती, ते सांगा." कोणतं लोखंड धार जास्त वेळ धरून ठेवतं, एवढाच त्यांचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर ते ओसरीवर बसून रोज शोधत असत.

शोधायची रीत अशी. ओसरीवर एक लाकडी ठोकळा, एक वाण्याकडचा जुना तराजू आणि सुतळीचा गुंडा. सुरीला धार लावायची आणि ठोकळ्यावर सुतळी कापायला सुरुवात करायची. कापत राहायचं. मधूनच सुतळीचा एक तुकडा तराजूवर ताणून धरायचा, त्यावर सुरी टेकवून दाबायची आणि सुतळी किती वजनाला तुटते ते बघायचं. धार ताजी असली की नुसत्या टेकवण्यानं तुटायची. धार गेली की पारडं खाली जाई, तरी सुतळी तशीच.

सुतळी विकणाऱ्या वाण्याला सुरुवातीला ह्याचा उलगडा होईना.

"तात्या, एवढी सुतळी? काय बांधायचंय?"

"बांधायचं न्हाई. कापायचीय."

"कापून काय करायचं?"

"काई न्हाई. संपली की पुन्हा यीन."

कापलेल्या तुकड्यांची सरूकाकू भांडी घासायला घासणी करत. सरूकाकू म्हणजे तात्यांची बायको. आळीतल्या सगळ्या घरांतली भांडी तात्यांच्या सुतळीनं घासली जात, आमचीही. स्वतः काकू मात्र विळीवर चिरत, आणि त्यांनी पहिल्यापासून सांगून ठेवलं होतं, "माझ्या इळीला हात लावायचा न्हाई. तुमची परीक्षा तुमच्यापाशी."

सुऱ्यांना नावं होती. जुन्या कानशीतून घडवलेली ती कानस. ट्रकच्या पाट्याच्या लोखंडाची ती पाटा. एक बेअरिंगच्या पोलादाची, ती बेअरिंग. आठवडी बाजारातली चकचकीत ती बाजार. आणि एक होता जावई.

जावई खऱ्या जावयानं आणला होता. तात्यांची मुलगी पुण्याला दिलेली. तिचा नवरा कंपनीच्या कामानं परदेशी जाऊन आला आणि सासऱ्यासाठी मखमली पेटीत घालून एक सुरी घेऊन आला. तात्यांनी पेटी उघडली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. जावयाला वाटलं, आवडली नसावी. काकूंनी त्याला सांगितलं, "आवडलीय. न आवडती तर बोलले असते."

पहिले काही दिवस ती सुरी पेटीतच होती. काकूंनी एकदा कांदा चिरायला मागितली, तेव्हा तात्या म्हणाले, "जावयाला लगेच कामाला लावत्यात का?" तिथून तिचं नाव जावई पडलं. मग तिची परीक्षा सुरू झाली आणि संपेना. कानस थकली त्याच्या पुढे जावई गेला, बेअरिंग थकली त्याच्याही पुढे गेला. वाण्यानं सुतळी नगरहून जादा मागवली. मी शाळेतून येताना विचारायची, "तात्या, काय म्हणतो जावई?"

"कापतोय अजून."

शेवटी एकदाची त्याची धार गेली आणि मग वेगळीच पंचाईत झाली. ती परत लागेना. तात्या दुपारभर दगडावर घासत बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. काकू तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "रुसला वाटतं जावई."

तात्या घासतच राहिले.

"त्यापरीस आपला पाटा बरा. दुपारी बसतो, पन दोन हात मारले की पुन्हा उठून कामाला लागतो."

"टिकण्यात जावई पहिला," तात्या म्हणाले. "वागणूक हा वेगळा विषय हाय."

त्यांचा हा स्वभावच होता. प्रश्न एक घेतला की तोच. त्याच्या शेजारचा दुसरा प्रश्न त्यांना दिसायचा, पण ते त्याच्याकडे बघायचे नाहीत.

आमच्या शाळेत नवी प्रयोगशाळा झाली, तेव्हाची गोष्ट सांगते. उद्घाटनाला मोठे पाहुणे आले होते. दारावर लाल सॅटिनची फीत, ताटात कात्री, समोर गाव बसलेलं, तात्या दुसऱ्या रांगेत. पाहुण्यांनी कात्री चालवली. फीत कात्रीत दुमडली. पुन्हा चालवली, पुन्हा दुमडली. हेडमास्तरांनी फीत ताणून धरली, तरी तेच. फोटोवाला ताटकळला, टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले.

तात्या उठले. शांतपणे दोन पावलं पुढे गेले, सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि सुरी काढून पाहुण्यांच्या दिशेनं चालायला लागले.

पाहुण्यांच्या मागे उभ्या असलेल्या पोलिसांनी त्यांना अर्ध्या वाटेतच धरलं. तात्यांनी अजिबात ओढाताण केली नाही. हात पाठीमागे पिरगाळलेला असताना ते पाहुण्यांना समजावून सांगत होते, "साहेब, सॅटिन हाय. कात्रीचा खिळा ढिला पडलाय. ही बेअरिंगची हाय, नुसती टेकवा."

पाहुणे टेकवायच्या मनःस्थितीत नव्हते. फीत शेवटी गाठ सोडून काढली. समारंभ संपेपर्यंत तात्यांना जीपमध्ये बसवून ठेवलं होतं. हेडमास्तर आणि मी सोडवायला गेलो, तर आत तात्या हवालदाराला विचारत होते, "पातं नवं लावल्यावर किती दाढ्या व्हत्यात? का केस राठ हायेत म्हणून लवकर बदलता?" हवालदार आठवून आठवून सांगत होता. पुढे तो ड्यूटीवर तिसगावात आला की घरची विळी पिशवीत घालून आणायचा.

सुरी मात्र परत मिळायला वेळ लागला. तात्यांना त्याचंच वाईट वाटलं. ऐन परीक्षेत होती म्हणे.

मंदाची गोष्ट ह्याच्या पुढची.

मंदा आणि तिचा नवरा नवनाथ तिसगावच्या बाहेर वस्तीवर राहायचे. पावसाळ्यात मिळेल ते काम आणि दसरा झाला की ऊसतोडीला. मंदा काकूंच्या हाताखाली कुरडया-पापडाला यायची. अंगानं बारीक, बोलायला मोकळी. तात्यांना घाबरत नसे, त्यामुळे तात्यांना ती आवडायची. दसरा जवळ आला होता. तात्या सुतळी कापत होते आणि मंदा त्यांच्याकडे बघत उभी होती.

"तात्या, सुतळीचं काय घिऊन बसलाय? एकदा आमच्या कोयत्याचं बघा की."

"काय झालं कोयत्याला?"

"सकाळी धार लावावी तर न्याहारीपतूर बोथट. मंग नुसतं हानायचं. हे बघा." तिनं उजवं मनगट पुढे केलं. अजून हंगाम सुरू व्हायचा होता, तरी सांध्यापाशी गाठीसारखं सुजलेलं दिसत होतं. मागच्या हंगामाची सूज ती.

तात्यांनी ते मनगट बघितलं. सुतळी खाली ठेवली. त्यांना सुतळी अर्ध्यात खाली ठेवताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मग बबन लोहाराच्या भात्यापाशी त्यांच्या खेपा सुरू झाल्या. कारखान्यातून निवृत्त होताना आणलेली एक हातभर लांब, जाडजूड कानस त्यांनी जपून ठेवली होती. तिचा बबननं कोयता घडवला. पाणी तात्यांनी स्वतः दिलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मला मुद्दाम बोलावून दाखवलं. तेलात बुडवून काढलेला कोयता घासून पांढरा केला होता आणि ते तो निखाऱ्यांवर धरून सावकाश फिरवत होते.

"रंग बघा, बाई. आता गव्हाळ आला. असंच तापवत ऱ्हायलं की जांभळा व्हतो, मग निळा. निळा म्हंजी नरम पडला. आपल्याला नरम नको." आणि गव्हाळ रंगावर त्यांनी कोयता उचलला.

सुतळीवर तो कोयता जावयाच्या खालोखाल टिकला. मग तात्या स्टँडवरच्या रसवंतीत गेले आणि रसवाल्याचा सगळा ऊस कांडं कांडं करून दिला. रसवाला आधी खूश झाला, मग एवढ्या कांड्यांचं करायचं काय म्हणून रडकुंडीला आला. दसऱ्यानंतर ऊसतोडीची टोळी निघाली तेव्हा तात्यांनी कोयता फडक्यात गुंडाळून मंदाच्या हातात दिला. साडीचोळी द्यावी तसा.

टोळी राहात्याकडे उतरली होती. काही दिवसांनी मंदाचा काकूंना फोन आला. "तात्यास्नी सांगा, न्याहारी झाली, जेवान झालं, कोयता हाय तसाच हाय. मनगट दुखत न्हाई." तात्यांनी हे भेटेल त्याला सांगितलं. मला सकाळी सांगितलं आणि संध्याकाळी, सकाळी सांगितलंच नव्हतं अशा थाटात पुन्हा सांगितलं. वाण्याला सांगितलं, हवालदाराला सांगितलं. एरवी कधी न हसणारा माणूस त्या दिवसांत मिशीतल्या मिशीत काहीतरी करायचा, ते हसणंच असावं.

थंडी वाढली होती. मी शाळेला निघत होते. ओसरीवर तात्या फोन कानाला लावून उभे होते, काकू चुलीपाशी. फोन नवनाथचा होता. बांधाकडच्या सरीत ऊस तोडताना बुडख्यापाशी मातीत दगड होता. कोयता दगडावर बसला आणि धारेचा एक टवका उडाला. ऊस डाव्या मुठीत धरलेला असतो. टवका डाव्या हातात, अंगठ्याच्या मुळाशी शिरला. राहात्यात डॉक्टरनं काढला होता, पण आतली शीर तुटली होती. अंगठा हलत नव्हता.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुकडा कुठं हाय?"

पलीकडून नवनाथ काहीतरी म्हणाला.

"ठेवायला सांग डॉक्टरला," म्हणाले आणि फोन बंद केला.

काकूंचा आवाज चढला. त्यांचा आवाज चढलेला मी तोवर ऐकला नव्हता. "अहो, तुकड्याचं काय इचारता? पोरीचा हात कसाय ते इचारायचं का न्हाई?"

तात्या ओसरीच्या कडेला बसले. "ते इचारायची लाज वाटली," म्हणाले. "मग तुकड्याचं इचारलं."

ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. नवराबायकोची जोडी, तिलाही कोयताच म्हणतात. एक तोडतो, एक मोळ्या बांधतो, दोघं मिळून गाडी भरतात. एकटा माणूस असला तर त्याला अर्धा कोयता म्हणतात, आणि अर्धा कोयता टोळीत कुणाला नको असतो. नवनाथ आता अर्धा कोयता झाला होता, आणि तो अर्धा कशानं झाला ते टोळीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

मी संध्याकाळी शाळेतून आले तर ओसरीवर पिशवी भरलेली. दोन कपडे, एक घोंगडी, धारेचा दगड.

"कुठं निघालात, तात्या?"

"राहात्याला. कोयता अर्धा झालाय."

मला आधी कळलंच नाही. काकूंना कळलं होतं. त्या भाकरी बांधून देत होत्या. तात्या गेल्यावर म्हणाल्या, "चार दिसात येत्यात बघा. कंबर ऱ्हायलीय का त्यांची?"

तात्या आले नाहीत. फोनवर विचारलं की म्हणायचे, बरं चाललंय. शेवटी एका रविवारी काकू आणि मी एसटीनं राहात्याला गेलो. पेरूच्या बागा मागे टाकत, विचारत विचारत उसाच्या फडापाशी पोचलो. कडेला पाचटाच्या झोपड्यांची रांग होती. एका झोपडीपुढे मंदा उजव्या हातानं भाकरी थापत होती. डाव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी.

"काकू!" म्हणून ती उठली आणि एकदम फडाकडे तोंड करून ओरडली, "तात्या, तुमचं घर आलंया!"

उसातून जे बाहेर आलं ते तात्या आहेत हे मला चालण्यावरून कळलं. चेहरा काळवंडलेला, गालांवर, कपाळावर पाचटानं ओढलेल्या बारीक लाल रेघा. डोक्याला टॉवेल. सदऱ्याची घडी आता कुठेच नव्हती. तोडणं त्यांना जमलं नव्हतं. नवनाथ तोडायचा आणि तात्या त्याच्या मागे वाकून उसाचे शेंडे, म्हणजे वाढे, छाटायचे, मोळ्या बांधायचे. मागून मुकादम ओरडत होता, "साहेब, ही मोळी सैल हाय! गाडीत चढेपतूर सुटंल!" तात्या काकूंकडे बघून, "आलो," म्हणाले आणि परत जाऊन मोळी सोडून पुन्हा बांधली. मगच आले.

काकूंनी त्यांचे हात बघितले. तळव्यांवरचे फोड फुटून, वाळून, त्यावर पुन्हा फोड आलेले. शेंगदाण्याची चटणी बांधून आणली होती ती सोडली, त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि मग म्हणाल्या, "घरी कवा?"

"पट्टा पडल्यावर."

पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणं. त्याला अजून बरेच दिवस होते. काकूंनी मान हलवली आणि चटणीवर तेल घातलं.

जेवताना मंदाच जास्त बोलत होती. "तात्या, तुमी उगं मनाला लावून घेतलंया. त्यो कोयता लई ग्वाड हुता. दगूडच वाईट निघाला."

"दगड हुता तिथंच हुता," तात्या म्हणाले. "त्यो काई उठून आला न्हाई."

नंतर त्यांनी मला झोपड्यांच्या मागे नेऊन दाखवलं. बबनकडून त्यांनी पाट्याच्या लोखंडाचे कोयते घडवून आणवले होते. काही गव्हाळावर उतरवलेले, काही जांभळ्यावर, काही पार निळे. तिथे एक काळा दगड पुरलेला होता. दुपारच्या सुट्टीत, आसपास कुणी नाही बघून, चेहऱ्यावर टॉवेल गुंडाळून ते प्रत्येक कोयता त्या दगडावर मारून बघत. तुटेल तो बाजूला. जो तगेल तो टोळीत कुणाला तरी वापरायला. निळ्यांची धार न्याहारीलाच जायची, पण टवका उडायचा नाही. जांभळा दगडावर बसला की नुसता वाकायचा, आणि धार जेवणापर्यंत पोचायची. टोळीतले लोक जांभळा मागायला लागले होते.

"बाई," तात्या म्हणाले, "मी सुतळीला इचारत बसलो. सुतळीत दगड नसतो."

मी म्हटलं, "तुम्हाला काय माहीत, तिथं दगड असेल ते."

"माहीत कसं न्हाई? जास्त कडक ठेवलं की तडकतं, हे मीच नव्या पोरांना शिकवायचो. रोज शिकवायचो. घरी आल्यावर टिकायचाच नाद लागला. धार किती टिकती ते बघितलं. माणसाच्या हातात काय देतोय ते बघितलंच न्हाई."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. मी नेहमीसारखंच पुढे सरकून ऐकलं. मग मुकादमानं हाक मारली, "साहेब!" आणि ते गेले.

पट्टा पडला तेव्हा तात्या मंदा-नवनाथबरोबर ट्रॉलीत बसूनच परत आले. काकूंनी दारातच त्यांच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि आधी आंघोळीला पाठवलं. मंदाचा हात बरा झाला, म्हणजे जखम भरली. अंगठा मात्र अर्धाच वाकतो. तात्या तिला दर आठवड्याला नगरला दाखवायला घेऊन जात. डॉक्टरनं व्यायाम सांगितला होता, सुपारी चिमटीत धरायची. तात्या समोर बसून बघायचे. सुपारी पडली की स्वतः उचलून द्यायचे.

घरी आल्यावर त्यांनी तराजू वाण्याला देऊन टाकला. अंगणात एक दगड पुरला आणि ओसरीवरची एक एक सुरी त्याच्यावर मारली. कानस मोडली. बेअरिंग मोडली. शेवटी मखमली पेटी उघडली. काकू म्हणाल्या, "अहो, निदान त्याला तरी." पण त्याचाही टवका उडालाच.

नेमका त्या वर्षी अधिक महिना आला. धोंड्याचा महिना, तेव्हा मुलगी आणि खरा जावई वाण घ्यायला आले. पुरणाचे धोंडे खाता खाता जावयानं सहज विचारलं, "मामा, सुरी कशी आहे?"

काकू वाढता वाढता म्हणाल्या, "त्यालाबी धोंडा मिळाला."

माझी बदली राहुरीला झाली. घर हलवलं, पण एक कपाट मागे राहिलं होतं, ते बघायला मी दसरा झाल्यावर तिसगावला गेले. आधी काकूंकडे चहा घेतला. तात्या घरी नव्हते. काकूंनी सांगितलं, मंदा ह्या वर्षीही निघालीय. चार दिवसांपूर्वी कोयता मागायला आली होती.

"मग दिला?"

"कुठला! म्हनाले, बाजारात मिळतो, घे. आता मी हत्यार करनार न्हाई. ती म्हनाली, टोळीतल्या समद्यांकडं तुमचा हाय, मलाच न्हाई का? तर म्हनले, तुझा हात बघ. तर म्हनली, हाताला काय झालंय, वाकत न्हाई एवढंच. उसाला मूठ लागती, अंगठ्याशी काय काम? आन् बसून ऱ्हायली ओसरीवर. हे आत गेले ते बाहिरच आले न्हाईत. शेवटी गेली बिचारी."

"आणि आता तात्या कुठं गेलेत?"

"काय की. तीन दिस बबनच्या भात्यावर हुते. आज उठले, काखंत काईतरी गुंडाळून घेतलं आन् गेले. मी इचारलं न्हाई."

कपाटाचं बोलून मी परतीची एसटी धरली. गाडी स्टँडच्या बाहेर पडली आणि थांबली. पुढे रस्ता अडवून ट्रॅक्टर उभा होता, मागे ट्रॉलीत माणसं, गाठोडी, एक शेळी. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मुकादम ट्रॉलीवरून ओरडत होता, "साहेब, आटपा की!"

मी खिडकीतून वाकून बघितलं. रस्त्याच्या कडेला मैलाचा दगड होता. त्याच्यापाशी तात्या उभे होते, हातात कोयता. जरा लांब मंदा उभी होती. तात्या तिला हातानं मागे सर म्हणत होते. ती एक पाऊल मागे सरकली. आणखी मागे. ती हसत हसत आणखी मागे झाली. तात्यांनी तोंड फिरवलं, डोळे मिटले आणि कोयता दगडावर मारला. आवाज एसटीत ऐकू आला. मग धार उजेडात धरून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. पुन्हा मारला. पुन्हा बघितली. मग मूठ मंदाकडे करून तो पुढे केला.

तिनं घेतला. काहीतरी बोलली, ते मला ऐकू आलं नाही. नवनाथनं वरून हात दिला, ती ट्रॉलीत चढली आणि ट्रॅक्टर हलला.

तात्यांनी हात हलवला नाही, ट्रॉलीकडे बघितलंही नाही. ते दगडापाशी उकिडवे बसले होते. जिथं घाव मारला होता तिथल्या धुळीवरून उघडा तळवा सावकाश फिरवत होते, तळवा उलटा करून बघत होते, पुन्हा फिरवत होते. मी खिडकीतून हाक मारली, "तात्या!" त्यांना ऐकू गेलं नाही.

कंडक्टरही माझ्यामागे उभा राहून बघत होता. "काय हरवलं म्हाताऱ्याचं?"

"काही नाही," मी म्हटलं. "काही सापडत नाही ना, ते बघतायत."